पन्नाशीनंतरचे कपडे: आधी खांदा, मग फॅशन

पन्नाशी उलटली की कपडे घेताना बहुतेकींच्या मनात एकच प्रश्न येतो, "हे आता मला शोभेल का?" उत्तर शोधलं जातं रंगात, बाहीच्या लांबीत आणि गळ्याच्या खोलीत. खरं तर ते बहुतेक वेळा खांद्याच्या शिवणीत असतं. लालभडक कुर्ता खांद्यावर नेमका बसला तर साठीतही देखणा दिसतो. तोच कुर्ता सोज्वळ राखाडी असला, पण खांद्यावरून इंचभर ओघळला, तर अंगावर टाकल्यासारखा वाटतो आणि बाई थकलेली दिसते. म्हणून इथे रंग आणि फॅशन शेवटी येतात, माप आधी.

शरीर कुठे बदलतं

रजोनिवृत्तीच्या सुमारास चरबी मांड्या आणि नितंबांऐवजी पोटाभोवती साठू लागते. वजनकाट्यावरचा आकडा तोच राहिला तरी कंबर वाढते आणि सीट, म्हणजे नितंबांचा भाग, सपाट होते. छाती खाली येते, खांदे थोडे पुढे झुकतात, पाठीचा वरचा भाग गोल होऊ लागतो आणि उंची हळूहळू घटते. कापडाच्या भाषेत सांगायचं तर पाठीवर लांबी जास्त लागते आणि पुढे गळ्यापासून छातीपर्यंत कमी.

रेडिमेड कपडा मात्र ताठ पाठीच्या, वर छाती असलेल्या शरीरावर बेतलेला असतो. तो पोटावर घट्ट झाला की आपण एक साइज मोठा घेतो. पोटाला आराम मिळतो, पण गळा, खांदा, मुंढा (बाही जिथे जोडतात तो भाग) आणि बाहीही सोबत मोठी होते. बेढबपणा येतो तो इथून.

साइजच्या आकड्यावर फारसा जीव टाकू नका. शरीराची मापं कुठे आणि कशी घ्यायची यासाठी आयएसओ ८५५९ हे आंतरराष्ट्रीय मानक आहे, पण 'एल' म्हणजे छाती किती इंच हे प्रत्येक कंपनी आपल्या मनाने ठरवते. एका कंपनीचा 'एम' आणि दुसरीचा 'एक्सएल' एकाच बाईला बसू शकतो.

माप, पण उभं आणि बसून

रोजच्या वापरातली चांगली ब्रा घालून माप घ्या. टेप जमिनीला समांतर असावा, ओढलेला नसावा. छातीचं माप सर्वात भरलेल्या जागी घ्या, शिवाय काखेखालून टेप काढून छातीच्या वरूनही एक माप घ्या. कंबर सापडत नसेल तर बाजूला वाका, जिथे घडी पडते तीच कंबर. पोट जिथे सर्वात पुढे येतं तिथलं माप वेगळं लिहा, कारण आता ते कंबरेपेक्षा जास्त कामाचं आहे. मग सीट, दंडाचा सर्वात जाड भाग आणि खांद्याच्या एका हाडापासून दुसऱ्यापर्यंतची रुंदी.

आता खुर्चीत बसा आणि पोट व सीट पुन्हा मोजा. हे माप उभ्यापेक्षा इंच-दोन इंच जास्त भरू शकतं. पँट आणि अंगालगतचे कुर्ते या बसलेल्या मापावर घ्यायचे, नाहीतर दुकानात उत्तम बसलेली पँट घरी जेवायला बसल्यावर काचते.

न ताणणाऱ्या कापडात शरीराच्या मापापेक्षा छातीला ३ ते ४ इंच आणि दंडाला २ इंच लूज हवा. याहून कमी झाला तर हात वर करताना अख्खा कुर्ता वर येतो. ६ इंचांच्या पुढे गेला तर झोळ दिसू लागतो. तारीख घालून ही मापं फोनमध्ये ठेवा.

ब्राबद्दल दोन शब्द, कारण वरचा प्रत्येक कपडा तिच्यावर उभा असतो. आधार मुख्यतः खालचा पट्टा देतो, खांद्याच्या पट्ट्या नाही. पट्टा पाठीवर वर चढत असेल तर तो सैल आहे. नवी ब्रा सर्वात बाहेरच्या हुकावर नीट बसली पाहिजे. पुढे इलॅस्टिक सैल होईल तसे आतले हुक कामी येतात. आरशात बाजूने बघा: छातीचा सर्वात पुढचा बिंदू खांदा आणि कोपर यांच्या साधारण मधोमध यायला हवा. तो बराच खाली असेल तर नवे कुर्ते घेण्याआधी नवी ब्रा घ्या. जुनेच कुर्ते अचानक बरे दिसू लागण्याची शक्यता दांडगी आहे.

कापडावरच्या रेघा वाचा

ट्रायल रूममध्ये कपडा घातल्यावर "छान दिसतंय का?" हे बघण्याआधी सुरकुत्या कुठून कुठे जातात ते बघा. जिथे कापड कमी पडतं तिथे ते ओढलं जातं, जिथे जास्त होतं तिथे घडी पडते.

छातीवर आडव्या रेघा आल्या किंवा दोन बटणांमध्ये फट पडली, तर छातीला कापड कमी आहे. खांदा बरोबर असेल तर मोठा साइज घेऊ नका. खांद्यापासून खालपर्यंत उभे जोड असलेला, म्हणजे प्रिन्सेस कटचा कपडा शोधा. त्या जोडात छातीपुरतं कापड जास्त मिळतं.

छातीवरच्या टक्सचं, म्हणजे कापडाला उठाव देण्यासाठी शिवलेल्या टोकदार घडीचं, टोक छातीच्या बिंदूच्या साधारण इंचभर अलीकडे, त्याच्याच रेषेत संपलं पाहिजे. ते वर गेलं असेल तर तिथे रिकामा फुगा दिसतो आणि खाली कापड ताणलं जातं. पन्नाशीनंतर हा दोष फार वेळा दिसतो, आणि फार थोड्या जणी तो ओळखतात. शिवून घेताना "टक्स खाली घ्या" एवढं सांगितलं की काम होतं. रेडिमेडमध्ये टक्स उसवून हलवता येतो, पण जुन्या टिपेच्या खुणा राहू शकतात. त्यामुळे गडद किंवा छापील कापडावर हा बदल सोपा जातो.

मागचा घेर पुढच्यापेक्षा वर उचलला गेला आणि पुढचा गळा घशाला लागू लागला, तर ते पाठीच्या गोलाईचं लक्षण आहे. पाठीवर लांबी कमी पडते, म्हणून कपडा मागे ओढला जातो. पुढचा गळा कापून मोठा करणं हा त्यावरचा चुकीचा, पण लोकप्रिय उपाय आहे. कुर्ता मागे सरकतच राहतो. पाठीवर योक (खांद्याजवळ वेगळा जोडलेला आडवा तुकडा) आणि त्याखाली थोड्या चुण्या असलेला कपडा बघा. शिवून घेताना पाठीची लांबी वरच्या भागात अर्धा ते पाऊण इंच वाढवायला सांगा.

खाली वाकल्यावर गळा समोर उघडा पडत असेल तर उलट कारण आहे: पुढे, छातीच्या वर कापड जास्त झालंय. खांद्याच्या शिवणीत फक्त पुढच्या भागाचं अर्धा इंच कापड गळ्याच्या बाजूने दाबून घेतलं की फट बरीच मिटते.

पँटचं दुखणं वेगळं. जांघेतून दोन्ही बाजूंना वर जाणाऱ्या रेघा दिसल्या तर आसन, म्हणजे जांघेपासून कमरेपर्यंतची उंची, कमी आहे, पोटाला वर पोहोचायला कापड पुरत नाही. मागे सीटखाली आडव्या सैल घड्या पडल्या तर सीट सपाट झाली आहे. या दोन्ही गोष्टी एकाच पँटमध्ये एकदम दिसू शकतात, आणि मोठा साइज घेतला की पुढचं दुखणं जातं, मागचं वाढतं. तेव्हा आसन उंच असलेली, पुढे सपाट पट्टी आणि मागे इलॅस्टिक असलेली पँट घ्या आणि मागचं सैल कापड शिंप्याकडून आत घेववा.

काय बदलता येतं, काय नाही

लांबी, बाही, बाजूच्या शिवणी आत घेणं ही सोपी कामं. कंबर आत घेणंही बहुतेक पँटमध्ये जमतं. सैल करणं मात्र शिवणीच्या दाबात किती कापड आहे त्यावर ठरतं, आणि रेडिमेडमध्ये ते बहुधा अर्ध्या इंचाच्या आसपासच असतं. कपडा उलटा करून बघितल्याशिवाय "सैल करून घेऊ" म्हणून विकत घेऊ नका. खांदा आणि मुंढा बदलायचा तर बाही पूर्ण उसवावी लागते. जॅकेटमध्ये आत अस्तर आणि कॅनव्हास असल्याने हे काम महाग आणि बेभरवशाचं. म्हणून वरचे कपडे खांद्यावरून निवडायचे, पँट सीट आणि पोटावरून, बाकीचं शिंपी सांभाळेल.

नवं सुती किंवा व्हिस्कोसचं कापड आटतं. लांबी कमी करण्याआधी ते एकदा धुवा, नाहीतर पहिल्या धुण्यानंतर पँट घोट्याच्या वर येते.

झाकण्याचा सोस

पोट झाकायला ढगळ कुर्ता घेतला की तो छातीच्या सर्वात पुढच्या बिंदूवरून सरळ खाली लटकतो. मग बघणाऱ्याला सगळं अंगच तेवढं रुंद वाटतं. सैल कपड्याला आमचा विरोध नाही, पण तो कुठेतरी एका जागी अंगाला टेकला पाहिजे: खांद्यावर, छातीखाली किंवा मनगटाशी. वरचा कपडा मोकळा असेल तर पँट सरळ आणि थोडी अरुंद ठेवा. पँटचा घेर मोठा असेल तर वरचा कपडा आखूड आणि नेटका.

कपडा जिथे संपतो तिथे नजर थांबते. म्हणून कुर्त्याचा घेर सीटच्या सर्वात रुंद रेषेवर संपू देऊ नका, दोन इंच वर किंवा खाली चालेल. बाही दंडाच्या जाड भागावर थांबण्यापेक्षा कोपराच्या दोन-तीन इंच खाली थांबलेली बरी. बिनबाहीचं घालायचं असेल तर जरूर घाला. फक्त मुंढा काखेत इतका खाली नको की ब्रा दिसेल, आणि इतका वर नको की मांस बाहेर दाबलं जाईल. दंड सैल पडलाय म्हणून बिनबाही सोडून द्यावी, असं आम्हाला वाटत नाही.

कापड

त्वचा कोरडी आणि पातळ होते, त्यामुळे आतली खरखरीत शिवण, जरीचं टोक किंवा मानेमागचं लेबल आता जास्त टोचतं. हॉट फ्लॅशेस, म्हणजे अचानक उष्णतेचे झटके, येत असतील तर बंद गळ्याचं पॉलिएस्टर टाळा, त्यात घाम अडकतो. एका जाड कपड्याऐवजी दोन पातळ कपडे घाला, वरचा समोरून उघडणारा, म्हणजे चारचौघांतही तो पटकन काढता येतो.

अगदी पातळ जर्सी (टी-शर्टसारखं ताणणारं कापड) प्रत्येक वळी दाखवते आणि फार ताठ कापड अंगापासून दूर उभं राहतं. वजनदार, पण अंगावरून मऊपणे खाली पडणारं कापड हवं. जीएसएम (एका चौरस मीटर कापडाचं ग्रॅममधलं वजन) लिहिलेला असेल तर कुर्ता-शर्टाला साधारण १२० ते १६०, पँटला २०० ते २८० हा सुमार धरा. लिहिलेला नसेल तर कापडाखाली तळहात धरा. रेषा दिसत असतील तर अस्तर लागेल. मग मुठीत दहा सेकंद चुरगळून सोडा, म्हणजे तासभर बसल्यावर ते कसं दिसेल हे कळतं. पँटमध्ये २ ते ३ टक्के इलॅस्टेन (ताणणारा धागा) असलं की बसता-उठता सोय होते. त्याहून बरंच जास्त असेल तर कापड अंगाला चिकटू लागतं, आणि गरम इस्त्रीने हे इलॅस्टेन लवकर मरतं.

रंग

वयाप्रमाणे रंग फिके करत जावं या सल्ल्याला काही आधार नाही. एवढं मात्र खरं की केस पांढरे झाले की चेहरा आणि केस यांच्यातला फरक बदलतो, आणि पूर्वी खुलणारा एखादा रंग चेहरा उतरवू शकतो. खिडकीपाशी दिवसाच्या उजेडात कापड हनुवटीखाली धरा. आधी चेहरा दिसला तर घ्या, आधी कापड दिसलं तर तो रंग पँटमध्ये वापरा. काळा आवडतो, पण चेहऱ्याखाली सावली पाडतो? मग गळ्याशी उजळ ओढणी किंवा स्कार्फ घ्या. वयानुसार डोळ्यातलं भिंग पिवळसर होतं आणि गडद निळा व काळा यांतला फरक ओळखणं कठीण जातं. जोडी जुळवायची तर दिव्याखाली नको.

बटणं, चेन आणि खिसे

बोटं आखडत असतील तर शर्टाची नेहमीची बारीक बटणं वैताग देतात, अर्ध्या इंचापेक्षा मोठी बटणं घ्या आणि काज थोडं सैल करून घ्या. खांदा धरत असेल तर पाठीवरची चेन आणि डोक्यावरून घालायचे अरुंद गळ्याचे कपडे बाद. खिसे असावेतच, पण पोटावर फुगणारे नकोत. बाजूच्या शिवणीतले उत्तम.

ऑनलाइन घेताना

घरातला सर्वात चांगला बसणारा एक कुर्ता आणि एक पँट सपाट पसरून मोजा. काखेपासून काखेपर्यंतच्या मापाची दुप्पट म्हणजे कपड्याची छाती. त्याचबरोबर खांदा, दंडाशी बाही, लांबी आणि पँटचं पुढचं आसन लिहून घ्या. साइजचा तक्ता शरीराचं माप सांगतोय की कपड्याचं, हे आधी बघा. बहुतेक चुका इथे होतात. मॉडेलची उंची दिलेली असेल तर स्वतःच्या उंचीशी ताडा, तिच्या गुडघ्यापर्यंतचा कुर्ता तुमच्या पोटरीवर येऊ शकतो. शंका असेल तर परत करण्याची सोय तपासून लगतचे दोन साइज मागवा. घरी आल्यावर नेहमीची चप्पल घालून, बसून, वाकून, दोन्ही हात वर करून बघा. पुढून, बाजूने आणि मागून फोटो काढा, कारण आरशासमोर आपण नकळत पोट आत घेतो. लेबल मात्र हे सगळं होईपर्यंत कापू नका.