बर्फाळ परग्रहावर पात्रं अडकवताय? या चुका टाळा

परग्रहावर यान कोसळलं, चारजण वाचले, चहूकडे बर्फ. इथवर ठीक. पुढच्याच परिच्छेदात कुणीतरी मोडतोड गोळा करून शेकोटी पेटवतो आणि जाणता वाचक तिथेच पान मिटतो.

शेकोटीपासूनच सुरुवात करू, कारण सगळ्यात जास्त घोळ इथेच होतो. शनीचा चंद्र टायटन घ्या. 14 जानेवारी 2005 रोजी हायगेन्स यान तिथं उतरलं, त्यामुळे आकडे हाताशी आहेत: तापमान उणे 179 अंश सेल्सिअस, हवेचा दाब पृथ्वीच्या साधारण दीडपट, हवेत नायट्रोजन आणि थोडा मिथेन. श्वासाला ऑक्सिजन नाही. ध्रुवांकडे मिथेनची तळी भरलेली, म्हणजे इंधनाला तोटा नाही. पण ते जाळायचा ऑक्सिजन टाकीतलाच खर्च होणार. शेकायचं की श्वास घ्यायचा, यावरून चौघांचं भांडण लावा. शेकोटीपेक्षा ते जास्त तापेल.

‘हेल्मेट निघालं आणि तो क्षणात गोठला’ हेही वाक्य सरसकट येतं. थंडी सगळीकडे सारखी लागत नाही. गुरूच्या युरोपा या चंद्रावर हवा नावापुरतीच आहे. थर्मासच्या दोन भिंतींमधल्या पोकळीतून जशी उष्णता सावकाश निसटते, तसंच तिथं होतं. तो माणूस गोठायच्या कितीतरी आधी श्वासावाचून जाईल. सूट शाबूत असला तरी गुरूचा किरणोत्सार त्याला सोडणार नाही. टायटनवर उलटं. हवा आपल्या चौपट दाट, ती अंगातली ऊब ओढून नेते. दाबाचा सूट नसला तरी चालेल, तापवणारा सूट आणि ऑक्सिजनचा मास्क मात्र हवाच.

कथानक मध्यावर रेंगाळत असेल, तर बहुधा तुम्ही एकट्या ऑक्सिजनचा हिशेब ठेवला आहे. बंद खोलीत आधी जीव घेतो तो कार्बन डायऑक्साइड. एप्रिल 1970 मध्ये अपोलो 13 च्या तिघांवर हीच वेळ आली: यान बिघडल्यावर त्यांनी चंद्रावर उतरायच्या छोट्या यानात आसरा घेतला, पण मुख्य यानातले कार्बन डायऑक्साइड शोषणारे चौकोनी डबे तिथल्या गोल जागेत बसेनात, शेवटी प्लास्टिकच्या पिशव्या, पुठ्ठा आणि चिकटपट्टीनं जुगाड केलं. शिवाय श्वासातली वाफ गार भिंतींवर जमते, तारांवर ठिबकते. एवढ्यावर दोन प्रकरणं सहज निघतात.

शिकारीचा प्रसंग मात्र काढून टाका. 1916 मध्ये अंटार्क्टिकाचा शोधप्रवासी शॅकल्टन मदत आणायला गेला, तेव्हा मागे राहिलेली त्याची 22 माणसं तिथल्या एलिफंट बेटावर साडेचार महिने तगली ती सील आणि पेंग्विनवर. चुलीत जळत होती तीही त्यांचीच चरबी. पण ते प्राणी आपल्याच पृथ्वीचे. परग्रहावरचा जीव आपल्या पोटाला पचेल, असं गृहीत धरणं म्हणजे निव्वळ लेखकाची सोय. त्या बेटावरून घ्यायचंच तर उलट्या घातलेल्या दोन होड्यांखालचा संसार घ्या. तिथं शॅकल्टनचा उजवा हात फ्रँक वाइल्ड रोज सकाळी सगळ्यांना सामान आवरायला लावायचा, साहेब, म्हणजे शॅकल्टन, कदाचित आजच येतील म्हणून.

आणि पृथ्वीशी ‘हॅलो, ऐकू येतंय का?’ नको. शनीपासून संदेश पोचायलाच तासाहून जास्त लागतो, उत्तराला तेवढाच वेळ पुन्हा. पात्रांना निर्णय घेऊन मोकळं होऊ द्या; उत्तर मागाहून, चुकीच्या प्रश्नाला आल्यासारखं येऊ द्या.