जॉर्जियात एमबीबीएस: 'इंग्लिश मिडियम' नेमकं कुठपर्यंत चालतं

नीटचा रिझल्ट लागला की आमच्या डिचोली-साखळीकडे घराघरांत एकच विषय, बांबोळीला नंबर लागेल की नाही, आणि नाही लागला तर पोराला बाहेर पाठवायचं काय. गोव्यात एमबीबीएस म्हणजे हेच बांबोळीचं जीएमसी (गोवा मेडिकल कॉलेज), १८४२ पासूनचं कॉलेज, पण सीटा त्या किती. मी जॉर्जियाला तिबिलिसीत शिकून आले, एफएमजीई (बाहेर शिकून आलेल्या डॉक्टरांना इथे द्यावी लागणारी परीक्षा) झाली, आता इंटर्नशिप चालू आहे, आणि विचारायला येणारे पालक वाढलेत म्हणून एकदाच सगळं लिहून टाकते.

पहिली भीती इंग्लिशची असते. ती सोडा. आपल्याकडे बरीच मुलं चौथीपर्यंत मराठीत शिकून पाचवीला इंग्लिशमध्ये गेलेली असतात, त्यामुळे अ‍ॅनाटॉमीचं जाडजूड पुस्तक बघून कोणी पळून जात नाही. तिथल्या सरांचे उच्चार सुरुवातीला डोक्यावरून जातात, पण महिन्या-दोन महिन्यांत कान बसतो.

खरी गंमत वॉर्डात सुरू होते. वर्ग इंग्लिशमध्ये, परीक्षा इंग्लिशमध्ये, पण पेशंट बोलणार जॉर्जियन, म्हातारी माणसं फार तर रशियन. डॉक्टर आजीशी पाच मिनिटं बोलतात, आजी सगळी कर्मकहाणी सांगते आणि आपल्याला इंग्लिशमध्ये दोन ओळी मिळतात, कालपासून छातीत दुखतंय, बीपीची गोळी चालू आहे, संपलं. मधलं सगळं गेलं ना, ती कुठे अडखळली, काय लपवलं, मुलीकडे बघून का गप्प झाली. जीएमसीत दोडामार्ग-सावंतवाडीचा पेशंट मालवणीत बोलतो, आपल्या गावचा कोकणीत, तिथली मुलं हिस्टरी (पेशंटच्या दुखण्याची सगळी माहिती) घ्यायला नुसत्या ऐकण्यातून शिकतात, आणि आपण तिकडे मागच्या रांगेत पांढरा कोट घालून उभे. म्हणून जॉर्जियन पहिल्या वर्षापासून मनापासून शिका, फक्त तेवढा पेपर सुटण्यापुरती नको. अक्षरं ३३ आहेत, कॅपिटल-स्मॉल भानगड नाही, तो-ती-ते पण नाही (क्रियापदं मात्र घाम काढतात). कुठे दुखतंय, कधीपासून, उलटी झाली का, कुठली औषधं घेता, एवढं जरी तोंडात बसलं तरी डॉक्टर तुम्हाला पुढे बोलावतात, आणि पुढे उभ्या राहणाऱ्यालाच पोट तपासायला मिळतं.

कॉलेज निवडताना पण हेच विचारायचं. एजंटला नाही, चौथ्या-पाचव्या वर्षाच्या मुलांना. हॉस्पिटल कॉलेजचं स्वतःचं आहे की दुसऱ्याचं, एका बेडभोवती किती जण उभे राहतात, पेशंटला हात लावायला देतात का. एजंट 'एनएमसी अप्रूव्हड' म्हणून चकचकीत कागद दाखवेल, पण एनएमसी (आपल्याकडचं नॅशनल मेडिकल कमिशन) बाहेरच्या कॉलेजांची अशी मान्यतेची यादी काढतच नाही. २०२१ चे नियम आहेत ते स्वतः वाचा: कोर्स कमीत कमी ५४ महिन्यांचा, त्यावर त्याच कॉलेजात १२ महिन्यांची इंटर्नशिप, शिकवणं इंग्लिशमध्ये, आणि त्या देशात तिथल्या नागरिकासारखं प्रॅक्टिसचं लायसन्स मिळण्याची पात्रता. भारतात येऊन परत १२ महिने इंटर्नशिप आहेच. जॉर्जियाचा कोर्स सहा वर्षांचा, पण त्यातली इंटर्नशिप कशी मोजतात ते कॉलेजकडून लेखी घ्या, फोनवरच्या बोलण्यावर जाऊ नका. आणि नीट क्वालिफाय नसाल तर जाऊच नका, परत आल्यावर एफएमजीईला बसायला मिळत नाही.

एफएमजीई ऐकायला सोपी वाटते, ३०० पैकी १५० पाहिजेत, निगेटिव्ह मार्किंग नाही, वर्षातून दोनदा असते. तरी निम्म्याहून जास्त पोरं नापास होतात. माझ्या मते एक मोठं कारण म्हणजे पीएसएम (सार्वजनिक आरोग्याचा विषय) आणि फॉरेन्सिक, कारण टीबीचा राष्ट्रीय कार्यक्रम, आपलं लसीकरणाचं वेळापत्रक, आपले कायदे हे तिकडे कोण कशाला शिकवेल. आमच्या सत्तरी तालुक्यात माकडताप येतो, तिकडच्या सिलॅबसमध्ये त्याला जागा कुठली. तिसऱ्या वर्षापासून भारतीय पुस्तकं सोबत ठेवा, शेवटच्या वर्षावर ढकलू नका.

जेवणाचं फार टेन्शन नको. लोबिओ म्हणजे राजमाच, भात मिळतो, फक्त सोलां (आमसुलं) आणि खोबरं घरून न्यायचं. चवथीला (गणेश चतुर्थीला) मात्र बहुतेक वेळा तिकडेच असाल, व्हिडिओ कॉलवर आरती. पैशांचं म्हणाल तर फी डॉलरमध्ये असते, म्हणजे रुपया घसरला की दरवर्षी बाबांचा हिशोब चुकणार, थोडी जास्तीची तजवीज ठेवाच. जीईडीसीची (गोवा शिक्षण विकास महामंडळाची) बिनव्याजी शैक्षणिक कर्ज योजना आहे, बँकेत जायच्या आधी तिकडे चौकशी करा.

आणि घरात कोणी पोर्तुगीज पासपोर्टचं (जुन्या पोर्तुगीज राजवटीमुळे गोव्यातल्या बऱ्याच जणांना तो काढता येतो) बोलत असेल तर ते अ‍ॅडमिशनच्या आधी काय ते ठरवा, मध्येच नागरिकत्व बदललं की नीटपासून रजिस्ट्रेशनपर्यंतच्या सगळ्या कागदांवर प्रश्न उभे राहतात. परत आल्यावर मेडिकल कौन्सिलला जाण्यायेण्याच्या इमिग्रेशनच्या शिक्क्यांसकट पासपोर्टची पानं दाखवावी लागतात, तेव्हा मध्ये रिन्यू केलात तरी जुना पासपोर्ट फेकू नका, आणि शिक्का अस्पष्ट उमटला तर काउंटरवरच परत मारून घ्या.