सोलापूर ते पुणे, मागच्या सीटवर कुत्रं: नव्याने या कामात उतरणाऱ्यांसाठी

सोलापुरात कुत्र्यांना वाचवणारे पुष्कळ आहेत, वाचवलेलं कुत्रं पुण्याला नेऊन पोचवणारे थोडे. आमच्याकडे दत्तक घेणाऱ्यांचे फोन येतात ते बहुतेक पुण्याकडून. त्यामुळे जुळे सोलापुरातल्या एखाद्या पार्किंगमध्ये नाहीतर अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीतल्या शेडमध्ये तात्पुरतं ठेवलेलं पिल्लू ‘गाडी मिळाली की पाठवू’ यावर महिना महिना अडकून राहतं. म्हणून कुणी नवीन माणूस ‘मी नेतो’ म्हणाला की त्याच्यावर फुलं उधळली जातात. त्या फुलांना भुलू नका. कुत्र्यांवर तुमचं प्रेम आहे हे मी धरूनच चालतो. गाडीत बसल्यावर कामाला येतात त्या कड्या, दोऱ्या आणि बंद काचा.

आधी विचारायचं ते हे, की हे कुत्रं का चाललंय? नसबंदी आणि लस झालेलं धडधाकट भटकं कुत्रं २०२३ च्या प्राणी जन्म नियंत्रण नियमांप्रमाणे जिथून उचललं तिथेच परत सोडायचं असतं. काही लोकांना गल्लीतली कुत्री नकोशी झालेली असतात आणि ‘फॉस्टर’चं, म्हणजे तात्पुरत्या सांभाळाचं नाव पुढे करून ती परगावी टाकायची असतात. अशा वेळी सरळ नाही म्हणा. आई गेलेली पिल्लं, अपघातात पाय गमावलेली, मालकाने हायवेला सोडून दिलेली लॅब्रॅडॉर, ही आपली सवारी.

कागदाचं थोडक्यात सांगतो. १९७८ चे प्राण्यांच्या वाहतुकीचे नियम आहेत. कुत्रं प्रवासाला योग्य आहे, त्याला संसर्गजन्य आजार नाही, असा पशुवैद्यकाचा दाखला त्यात मागितलाय. लसीच्या कार्डासोबत तो डॅशबोर्डातच ठेवा. खाणंपाणी निघायच्या किमान दोन तास आधी उरकायचं, आणि वाटेत उन्हाळ्यात दर चार तासांनी पाणी द्यायचं, हेही त्याच नियमांत आहे. आपल्याकडचा एप्रिल-मे बघता मी चार तास थांबत नाही, मोहोळ गेलं की एकदा वाटी पुढे करतोच. त्या दिवसांत पहाटे चारला निघा आणि ऊन चढायच्या आत पोचा. अडीचशे किलोमीटर आहे, होतं. सावलीत उभी केली म्हणून काचा लावलेल्या गाडीत कुत्रं सोडून चहाला जाऊ नका, पाच मिनिटंसुद्धा नाही. त्याला आपल्यासारखा अंगभर घाम येत नाही, धापा टाकूनच ते अंग थंड ठेवतं, आणि कोंदट हवेत त्या धापांचाही उपयोग होत नाही.

आता पट्टा. इथे मी लांबण लावणार आहे, कंटाळा आला तरी वाचा.

गावठी कुत्र्याची मान आणि डोकं जवळपास सारख्याच घेराचं असतं. आपण गळ्यात पट्टा घालतो, दोन बोटं आत जातात का बघतो आणि निर्धास्त होतो. पुढे ओढणाऱ्या कुत्र्याला तेवढं पुरतं. घाबरलेलं कुत्रं मात्र पुढे ओढतच नाही. ते चारी पाय रोवून मागे सरकतं, डोकं खाली घालतं, कान चपटे करतं. तुम्ही सवयीने दोरी आपल्याकडे खेचता आणि पट्टा कानांवरून अलगद निघून येतो. तुमच्याच ओढण्याने तो निघतो, हे डोक्यात पक्कं बसवा. इंदापूरच्या पुढे एका ढाब्याबाहेर, पुण्याहून आलेल्या जोडीदाराकडे कुत्री सोपवताना माझ्या हातात असाच नुसता पट्टा उरला. रस्त्याला लागूनच ऊस होता. पाचट सळसळली आणि ती दिसेनाशी झाली.

हे बहुतेकदा सोपवतानाच का होतं? दोन-तीन तासांत गाडी तिच्या ओळखीची झालेली असते. दार उघडलं की ट्रकचे हॉर्न, परकी माणसं, परके वास. शिवाय त्या क्षणी दोघांनाही वाटतं की दुसऱ्याने धरलंय.

त्यामुळे आता माझ्या गाडीत दोन बंधनं असतात. गळ्यात मार्टिंगेल पट्टा, म्हणजे ओढ बसली की आवळणारा, आणि अंगात हार्नेस, म्हणजे छाती-पाठीभोवती बसणारा पट्टा. नुसता हार्नेसही मागे सरकून काढणारी कुत्री मी पाहिलीत, म्हणून दोन्ही, आणि दोन्हींना वेगळी दोरी. प्लॅस्टिकची बकल नको, झटक्यात तुटते. लोखंडी साखळी नको, हातातून घसरते. दोरीचं कडं मनगटात घालून मग मूठ आवळायची. सोपवणं गाडीच्या आतच करायचं. घेणारा माणूस मागच्या सीटवर येऊन बसतो, सगळी दारं लागतात, तो आपली दोरी अडकवतो आणि ‘धरलं’ असं तोंडाने म्हणतो. त्यानंतरच माझी दोरी सुटते. लोक हसतात. हसू द्या.

तरीही सुटलंच तर मागे धावू नका, चार माणसं बोलावून हाकारा तर अजिबात घालू नका. ते आणखी लांब जाईल, कदाचित हायवेवर. तिथेच जमिनीवर बसा, पाठमोरे. गाडीतली त्याची चादर आणि खाणं त्याच जागी ठेवा. ढाबेवाल्याला, पंपावरच्या पोरांना, ऊसतोड चालू असेल तर टोळीच्या मुकादमाला नंबर द्या, आणि दिसलं तर पकडू नका, फक्त फोन करा, असं दोनदा सांगा. पहाटे आणि दिवेलागणीला परत जा. माझी कुत्री सापडली ती ऊसतोड्यांच्या कोप्यांपाशी, भाकरीच्या आशेने घुटमळताना. मुकादमाचा फोन आला म्हणून कळलं.

एवढं वाचून बिचकू नका. पट्टा नीट असेल तर हा प्रवास कंटाळवाणाच असतो. टेंभुर्णीपर्यंत कुत्रं झोपलेलं असतं आणि तुम्ही टोलचा हिशेब करत असता.

सोपे मार्ग सांगणारे बरेच भेटतील. खासगी ट्रॅव्हल्सच्या डिकीत टाकून पाठवा म्हणणाऱ्याशी मी बोलणंच बंद करतो. झोपेची गोळी देऊन टाका म्हणणारे त्याहून घातक. गुंगीत रक्तदाब उतरतो, अंगाचं तापमान सांभाळता येत नाही. डॉक्टरांनी स्वतः तपासून दिली तरच द्यायची. रेल्वेचं म्हणाल तर कुत्रं सोबत बसतं ते फक्त फर्स्ट एसीत, तेही पूर्ण कूपे किंवा केबिन तुमची असेल तर. चेअर कारमध्ये चालत नाही, म्हणजे इथल्या वंदे भारतचा विचार सोडा. नाहीतर पार्सल ऑफिसात नोंद करून गार्डच्या डब्यातली पेटी. भेदरलेल्या कुत्र्याला त्या पेटीत घालायला माझं मन होत नाही.

शिकायचं कुणाकडून? रीलवाल्यांकडून नको. मला दोरी धरायला शिकवली ती एका छोटा हत्तीवाल्या काकांनी, ज्यांनी आयुष्यभर शेळ्या वाहिल्या. तिकडे ज्ञान जास्त आहे, फक्त ते कॅमेऱ्यासमोर येत नाही.

पोचवायच्या घरी आदल्या रात्री फोन करा, आणि ज्याने होकार दिला त्याच्यापुरतं थांबू नका. घरमालकाला माहीत आहे का? सासूबाईंना? दारातून परत फिरलेलं कुत्रं रात्री कुठे ठेवायचं, याचं उत्तर निघण्याआधी हवं. सवयीही लिहून द्या. सोलापूरच्या पूर्व भागात, तेलुगू वस्तीत वाढलेलं असेल तर त्याला तेलुगूत हाक मारायची, हे पुण्याच्या ताईंना कोण सांगणार?

पिल्लं नेणार असाल तर पार्व्होची, म्हणजे पिल्लांच्या जिवावर बेतणाऱ्या विषाणूची भीती मनात असू द्या. गाडीत बसताना टुणटुणीत दिसणारं पिल्लू आठवड्याच्या आत उलट्या-जुलाब करू लागतं, आणि तोवर तुमची सीट पुढच्या पिल्लाची वाट बघत असते. विषाणू महिनोन्महिने टिकतो, फिनाईलवर विसंबू नका. आधी घाण धुऊन काढा, मग एक भाग ब्लीच, तीस भाग पाणी, दहा मिनिटं ओलं ठेवा. कापडी सीट असेल तर वर जाड प्लॅस्टिक घाला. लस पूर्ण न झालेली दोन वेगळ्या ठिकाणची पिल्लं एका फेरीत घेऊ नका, डिझेल वाचतंय म्हणून तर नाहीच.

आणि स्वतः रेबीजची प्रतिबंधक लस आधीच घेऊन ठेवा. ती घेतलेली असली तरी दात लागला की जखम साबणाने वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटं धुवायची आणि त्याच दिवशी सिव्हिलला जाऊन पुढचे डोस घ्यायचे.

डिझेल आणि टोलचे पैसे निघण्यापूर्वी मागा. सेवेत कसले पैसे मागता, असं म्हणणाऱ्याला गाडी घेऊन यायला सांगा.