कुरिअर की पोस्ट? पार्सल पाठवताना या चुका टाळा

ऑनलाइन विक्री सुरू करणारा जवळपास प्रत्येक जण सुरुवातीलाच विचारतो, "कुरिअर चांगलं की पोस्ट?" आणि उत्तर त्याला एका शब्दात हवं असतं. तसं उत्तर देणाऱ्याचं ऐकू नका. अख्ख्या दुकानासाठी एकदाच निवड करून टाकायची ही गोष्टच नाही. प्रत्येक ऑर्डरला नव्याने ठरवावं लागतं, आणि तेही खोका बंद झाल्यावर, पत्ता शेवटच्या ओळीपर्यंत वाचल्यावर. दोन मिनिटांचं काम आहे. ती दोन मिनिटं वाचवायला जाऊन लोक महिन्याची कमाई घालवतात. वर्षानुवर्षं नव्या विक्रेत्यांच्या त्याच त्या तक्रारी निस्तरतोय, म्हणून एकदा नीट लिहून ठेवतो.

वस्तूचं वजन करायचं आणि दर काढायचा

सगळ्यात महाग पडणारी चूक हीच. कुरिअर कंपनी पार्सलची दोन वजनं काढते: एक काट्यावरचं आणि दुसरं आकारावरून निघणारं, म्हणजे व्हॉल्यूमेट्रिक. लांबी, रुंदी आणि उंची सेंटिमीटरमध्ये घेऊन गुणायची आणि साधारणपणे ५०००ने भागायचं, की किलो मिळतात. दोन्हींपैकी जे जास्त त्यावर बिल. विमानात किंवा गाडीत जागा आधी भरते, वजनाची मर्यादा नंतर येते, म्हणून हा हिशेब. तो न्याय्य आहे. लपवलेलाही नसतो, दरपत्रकात छापलेला असतो. पण दरपत्रक वाचायला बसतो कोण?

ओळखीतला एक मुलगा कागदी लॅम्पशेड विकायला लागला. काम अतिशय देखणं. शेडचं वजन अर्ध्या किलोपेक्षाही कमी. त्याने एक किलोचा दर पाहिला, तो किमतीत मिळवला आणि "डिलिव्हरी मोफत" असं जाहीर करून टाकलं. परदेशातून ऑर्डरी धडाधड आल्या. सगळा माल कुरिअरने गेला, वेळेवर पोचला, गिऱ्हाईक खूश. पुढे बिल आलं तेव्हा त्याचा मला फोन, "कंपनीने फसवलं!" म्हटलं, आधी खोका मोज. त्याने शेड मोजली. पुन्हा सांगितलं, शेड नको, बाहेरचा खोका मोज. ४० बाय ४० बाय ३५. गुणाकार ५६,०००, भागिले ५०००, म्हणजे ११.२ किलो. अर्ध्या किलोची वस्तू सव्वाअकरा किलोच्या दराने गेली होती, आणि तीही प्रत्येक ऑर्डरला.

मग त्याचं दुसरं टोक सुरू झालं, "आता सगळं पोस्टाने." तेही इतकं सोपं नव्हतं. तेव्हा परदेशी टपालात छोट्या पाकिटाला स्वस्त दर लागायचा, पण त्याच्या अटी होत्या: वजन दोन किलोपर्यंत, लांबी, रुंदी आणि उंचीची बेरीज ९० सेंटिमीटरपर्यंत, आणि कोणतीही एक बाजू ६०च्या आत. त्याच्या खोक्याची बेरीज ११५. म्हणजे तो पार्सलच्या दरात जाणार, आणि पार्सल चांगलंच महाग.

इलाज कुरिअरच्या दारात नव्हता, पोस्टाच्या खिडकीवरही नव्हता. तो होता मालाच्या घडीत. कागद सपाट, तारेच्या कड्या वेगळ्या, आणि जोडणी कशी करायची त्याचा एक चिठोरा, अशी रचना केली. खोका ३८ बाय ३८ बाय १२ झाला. व्हॉल्यूमेट्रिक वजन साडेतीन किलोच्या आत आलं आणि तीन बाजूंची बेरीज ८८. कुरिअरही परवडायला लागलं आणि छोट्या पाकिटाचा रस्ताही मोकळा झाला. हे विक्री सुरू करण्याआधी व्हायला हवं होतं. एक रिकामा खोका, एक मोजपट्टी आणि एक संध्याकाळ, एवढंच लागलं असतं.

माझी सवय सांगतो. कुठलीही नवी वस्तू विक्रीला लावण्याआधी ती पाठवायची तशी पूर्ण बांधायची: आत बबल रॅप, बाहेर चिकटपट्टी, वर लेबल. मग मोजायची. खोका मध्ये फुगला असेल तर फुगवट्याच्या जागी मोजायचा, कारण मशीन तिथेच मोजतं. आकडे एका कार्डावर लिहून कार्ड पॅकिंगच्या टेबलासमोर चिकटवायचं. महागडी पार्सलं निघताना मोजपट्टी आणि काट्याचा आकडा दिसेल असा फोटो काढायचा. वजनावरून वाद झाला की तोच फोटो कामाला येतो. आणि भागाकार ५०००नेच होतो असं धरून चालू नका, काही करारांत वेगळा आकडा असतो. सही करण्याआधी विचारा.

ॲपमध्ये उंची दोन सेंटिमीटर कमी टाकणारे "हुशार" लोकही पाहिलेत. मोठ्या केंद्रांत खोका पट्ट्यावरून जाताना आपोआप मोजला जातो. फरक निघाला की तो वसूल होतो, वर दंडही बसू शकतो, आणि तुमच्या खात्यावर शंकेची खूण राहते. असली हुशारी नको.

"किंमत कमी लिहा, गिफ्ट लिहा"

परदेशातलं गिऱ्हाईक गोड बोलून हे सांगतं आणि नवखा विक्रेता सेवा म्हणून करून टाकतो. या चुकीचा मला मनापासून राग येतो, कारण ती खोटेपणाची आहे आणि तिचा फटका नेहमी विक्रेत्यालाच बसतो.

हाताने दागिने घडवणाऱ्या एका ताईंनी असंच केलं. चांदीचा सेट, वजन जेमतेम पाव किलो, किंमत भरपूर. कस्टम्सच्या फॉर्मवर त्यांनी "भेटवस्तू" लिहिलं आणि किंमत खऱ्याच्या दहाव्या हिश्श्याहूनही कमी टाकली. पार्सल वाटेत गहाळ झालं. गिऱ्हाइकाने पूर्ण पैसे परत मागितले, आणि त्याचा तो हक्कच होता. ताईंनी वाहतूकदाराकडे दावा केला, सोबत खऱ्या किमतीचं बिल जोडलं. उत्तर आलं की तुमच्याच सहीच्या कागदावर किंमत वेगळी आहे. पुढे काही बोलायची सोयच उरली नाही. खरी किंमत सांगावी तर कस्टम्सला खोटं सांगितल्याचं कबूल होतं, न सांगावी तर भरपाई चिल्लर. महिनाभर त्यांनी पत्रव्यवहार केला, मी तो वाचलाय. हाती काही लागलं नाही.

त्यात भर म्हणजे "विमा असतोच" हा गैरसमज. पार्सलसोबत विमा आपोआप येत नाही. आंतरराष्ट्रीय विमानवाहतुकीत १९९९चा माँट्रियल करार लागू असेल तिथे मालाच्या भरपाईची मर्यादा किमतीवर ठरत नाही, वजनावर ठरते. २८ डिसेंबर २०२४पासून कमाल मर्यादा किलोमागे २६ एसडीआर आहे. एसडीआर म्हणजे आंतरराष्ट्रीय नाणेनिधीचं हिशेबाचं एकक. पाव किलो चांदीला किती झाले? साडेसहा. जास्त हवे असतील तर माल सोपवतानाच मूल्य जाहीर करून वरचं शुल्क भरावं लागतं. टपालाला हा करार याच पद्धतीने लागू नाही, तिथे टपाल खात्याचे स्वतःचे नियम चालतात, आणि साध्या, नोंद न केलेल्या पाकिटाला भरपाई मिळेल ही आशा सोडून द्या.

म्हणून माझा नेम असा: हरवली तर झोप उडेल अशी प्रत्येक वस्तू विमा उतरवून किंवा मूल्य जाहीर करून जाते, मग ती पोस्टाने जावो की कुरिअरने. फॉर्मवर खरी किंमत आणि खरं वर्णन. "भेटवस्तू" हा शब्द विकलेल्या मालावर कधीच नाही. ज्या गिऱ्हाइकाला हे मान्य नाही त्याची ऑर्डर मी घेत नाही.

इथेच ड्युटीचं, म्हणजे कस्टम्सच्या कराचंही बोलून घेऊ. कुरिअर कंपन्या कस्टम्सचं काम स्वतः करतात, बऱ्याचदा कर आधी भरतात आणि मग तो, वर हाताळणीचं शुल्क लावून, गिऱ्हाइकाकडून दारात वसूल करतात. गिऱ्हाइकाला याची कल्पना नसेल तर तो पार्सल नाकारतो, आणि परतीचा खर्च तुमच्या माथी येतो. कर कोण भरणार हे विक्रीच्या पानावर ठळक लिहा. ऑर्डर आल्यावर मेसेजमध्ये पुन्हा लिहा.

बारकोड दिसला म्हणजे ट्रॅकिंग आहे

नाही. आंतरराष्ट्रीय टपालाचा क्रमांक १३ खुणांचा असतो: दोन अक्षरं, नऊ आकडे, शेवटी देशाची दोन अक्षरं. पहिलं अक्षर बघायला शिका. ई म्हणजे टपालाची वेगवान सेवा ईएमएस, आर म्हणजे रजिस्टर्ड, सी म्हणजे पार्सल. यू असेल तर ते साधं पाकीट. बारकोड आहे, पण वाटेतल्या प्रत्येक टप्प्यावर तो वाचला जाईल असं कुणी कबूल केलेलं नाही. यूचा क्रमांक गिऱ्हाइकाला "ट्रॅकिंग नंबर" म्हणून पाठवायचा आणि मग दहा दिवस "काहीच दिसत नाही" या मेसेजना उत्तरं देत बसायचं, हा प्रकार रोज घडतो. नऊ आकड्यांतला शेवटचा पडताळणीचा असतो. संकेतस्थळ क्रमांक चुकीचा म्हणत असेल तर आधी टंकताना आकडा इकडचा तिकडे झालाय का ते पाहा, लगेच तक्रार नको.

आणि जुना खोका पुन्हा वापरत असाल तर आधीची सगळी लेबलं खरवडून काढा. नुसती काट मारून चालत नाही, मशीन जुना बारकोड वाचतं आणि पार्सल निघतं आधीच्या मालकाच्या गावाला.

पत्ता न वाचता सेवा निवडणं

पत्त्यात पोस्ट बॉक्स असेल तर खासगी कुरिअर सहसा उपयोगाचं नाही, ते टपालाचंच काम. गाव आडबाजूला असेल तर कुरिअरचा दूरच्या भागाचा अधिभार आधी तपासा. टपाल खात्यावर देशभर सगळीकडे पोचायचं बंधन असतं, कुरिअर कंपनीवर नसतं, म्हणूनच हा फरक पडतो. कित्येकदा कुरिअरचं पार्सल शेवटच्या टप्प्यात टपाल खात्याकडेच सोपवलं जातं. तेव्हा क्रमांक बदलतो आणि गिऱ्हाईक घाबरतं. तुम्ही नवा क्रमांक शोधून द्या. दिवसभर घर बंद असणाऱ्यांना मी पोस्ट सुचवतो, कारण जवळच्या कार्यालयात ठेवलेलं पार्सल सवडीने उचलता येतं. ऑफिसच्या पत्त्यावर मात्र कुरिअर. तिथे दिवसा सही करायला कुणीतरी असतंच.

एकाच खात्यावर दुकान चालवणं

२९ ऑगस्ट २०२५ला अमेरिकेने ८०० डॉलरपर्यंतच्या मालाची करसवलत जगभरासाठी बंद केली. कर आधीच गोळा करायची यंत्रणा बहुतेक टपाल खात्यांकडे तयार नव्हती. ८८ टपाल संस्थांनी अमेरिकेची सेवा पूर्ण किंवा अंशतः थांबवल्याचं जागतिक टपाल संघाला कळवलं, आणि त्या दिवशी तिकडे जाणारं टपाल आठवड्यापूर्वीच्या तुलनेत ८१ टक्क्यांनी घसरलं. कुरिअर कंपन्यांकडे कस्टम्सची व्यवस्था आधीपासून होती, त्यांच्या गाड्या चालू राहिल्या. फक्त पोस्टावर अवलंबून असलेल्यांनी ऐन अडचणीत कुरिअरचं खातं उघडायला धाव घेतली आणि मिळेल तो दर मान्य केला. उलटंही होतं. कुरिअरच्या केंद्रात माल तुंबला की पोस्टाची खिडकी कामाला येते. दोन्ही खाती चालू ठेवा, दोन्हीकडून अधूनमधून काहीतरी पाठवत राहा.

बाकीच्या चुका थोडक्यात. "तीन दिवसांत पोचेल" असं लिहिताना दिवस मोजायला सुरुवात पहिल्या स्कॅनपासून होते, तुम्ही लेबल छापल्यापासून नाही. लिथियम बॅटरी आणि पॉवर बँक गुपचूप कोंबू नका, विमानात आग लागते, माणसं मरू शकतात. चकचकीत चिकटपट्टी बारकोडवरून घेऊ नका. ईएमएस ही पोस्टाचीच सेवा आहे हे विसरून लोक "पोस्ट म्हणजे हळू" म्हणतात, आधी तिचा दर तरी विचारा.

आता पार्सल अडकलंच तर. लगेच दुसरं पाठवू नका, बहुतेकदा पहिलं पोचतं आणि दोन्ही जातात. शेवटचा स्कॅन कुठे झाला ते बघा. कस्टम्समध्ये असेल तर गिऱ्हाइकाला तिथल्या सूचनेचं पत्र किंवा मेसेज आलाय का विचारा, अर्धी प्रकरणं तिथेच सुटतात. माल फुटून पोचला असेल तर गिऱ्हाइकाला खोका आणि आतलं भरणं दोन्ही ठेवायला सांगा, फोटो मागवा आणि वाहतूकदाराला लेखी कळवा. विमानाने गेलेल्या मालासाठी माँट्रियल करारात या लेखी तक्रारीला माल हाती आल्यापासून १४ दिवस आहेत. आंतरराष्ट्रीय टपालाची चौकशी पाठवल्याच्या दुसऱ्या दिवसापासून सहा महिन्यांपर्यंत स्वीकारली जाते, पण खिडकीवर पहिली मागणी मूळ पावतीचीच होते. माझ्याकडे महिन्यागणिक एक पाकीट असतं, पावती त्यात टाकायची आणि वर्षभर फेकायची नाही. थर्मल कागदावरची शाई उडते, म्हणून त्याच दिवशी तिचा फोटोही काढायचा.