पीएच.डी.नंतर कंपनीत अर्ज करताना रेझ्युमेत काय लिहावं

मी पुण्यात ऑरगॅनिक केमिस्ट्रीत पीएच.डी. केली आणि आता एका औषध कंपनीच्या प्रोसेस आर अँड डी विभागात (लॅबमधली रिअ‍ॅक्शन प्लँटच्या प्रमाणावर नेणारा विभाग) काम करते. जागा निघाली की आलेल्या अर्जांची पहिली चाळणी आम्हा केमिस्ट मंडळींकडे येते. एनसीएल, आयसर, आयसीटी, विद्यापीठांचे विभाग, सगळीकडून हुशार मुलं अर्ज करतात. पण कितीतरी रेझ्युमे वाचून संपतात तरी या मुलाला किंवा मुलीला नेमकं काय करता येतं, हे कळतच नाही. काम दांडगं असतं, कागदावर मात्र ते उतरलेलं नसतं. मला याची खरंच हळहळ वाटते.

बहुतेक जण सुरुवातीलाच थीसिसचं लांबलचक शीर्षक देतात. समजा, ‘पॅलेडियम-कॅटलाइज्ड कपलिंगद्वारे हेटरोसायकल्सचे संश्लेषण’. गाइडला आणि परीक्षकाला ते पुरेसं आहे. माझ्या मनात मात्र लगेच प्रश्न उभे राहतात. रिअ‍ॅक्शन किती ग्रॅमवर केली? कॉलम न लावता प्रॉडक्ट शुद्ध करता आलं का? डायक्लोरोमिथेनसारखं घातक सॉल्व्हंट टाळता आलं का? पॅलेडियम कसं काढलं? हे प्रश्न उगाच येत नाहीत. प्लँटमध्ये सिलिकाचा कॉलम म्हणजे सॉल्व्हंटचा आणि वेळेचा प्रचंड खर्च. तोंडावाटे घ्यायच्या औषधातून दिवसाला १०० मायक्रोग्रॅमपेक्षा जास्त पॅलेडियम पोटात जाऊ नये, असं आयसीएचची (औषधांचे आंतरराष्ट्रीय निकष ठरवणारी संस्था) क्यू३डी मार्गदर्शिका सांगते. औषधात उरलेल्या डायक्लोरोमिथेनसाठी त्यांच्याच क्यू३सी मार्गदर्शिकेत ६०० पीपीएमची मर्यादा आहे. आमचा निम्मा दिवस याच आकड्यांभोवती जातो.

म्हणून तेच काम असं लिहा: ‘सुझुकी कपलिंग २०० मिलिग्रॅमवरून २५ ग्रॅमपर्यंत नेलं. कॉलमऐवजी आयपीए-पाण्यातून क्रिस्टलायझेशन बसवलं. एचपीएलसी शुद्धता ९९ टक्क्यांच्या वर. उरलेलं पॅलेडियम आयसीपी-एमएसनं तपासून घेतलं.’ (आयपीए म्हणजे आयसोप्रोपिल अल्कोहोल; एचपीएलसी शुद्धता मोजायला, आयसीपी-एमएस धातूचे अंश मोजायला.) रेझ्युमे इंग्रजीतच जाणार, पण आशय हा हवा. तुमची सर्वात मोठी बॅच दोनच ग्रॅमची असेल तर दोन ग्रॅम लिहा, त्यात कमीपणा काही नाही. कॉलम का टाळता आला नाही, हे तुम्हाला सांगता आलं तरी समोरच्याला पुरतं.

उपकरणांच्या यादीबद्दल थोडं सविस्तर सांगते, कारण मुलाखतीत सगळ्यात जास्त पडझड इथे होते. एनएमआर, एलसी-एमएस, एक्सआरडी, एसईएम अशी दहा नावं सलग लिहिलेली असतात. आपल्याकडच्या संस्थांमध्ये यातली बरीच उपकरणं सेंट्रल फॅसिलिटीत असतात आणि ऑपरेटर चालवतो. आपण सॅम्पल देतो आणि आलेला डेटा वाचतो. डेटा वाचता येणं हेही कौशल्यच आहे, पण ते वेगळं. तेव्हा दोन ओळी करा: ‘स्वतः चालवलेली’ आणि ‘डेटाचं विश्लेषण केलेली’. एचपीएलसी पहिल्या ओळीत टाकलं असेल, तर कॉलम कोणता होता, मोबाइल फेज काय, वेव्हलेंग्थ किती, पीक टेलिंग झालं (आलेखातल्या पीकला शेपूट आलं) तेव्हा काय केलं, हे विचारलं जाणारच. मेथड डेव्हलप केली असेल तर ते ठळकपणे लिहा. अ‍ॅनालिटिकल विभागासाठी अर्ज असेल तर हीच ओळ सगळ्यात वर घ्या, आणि अर्ज करण्याआधी मेथड व्हॅलिडेशनची आयसीएच क्यू२ एकदा वाचून जा.

पेपरांची दोन पानी यादी नको. ‘सात शोधनिबंध, तीन प्रथम लेखक म्हणून’ एवढी ओळ, दोन महत्त्वाचे पेपर आणि ऑर्किडची (ORCID, संशोधकाचा ऑनलाइन ओळख क्रमांक) लिंक, बस. पेटंट असेल तर ते नुसतं दाखल झालंय, प्रकाशित झालंय की मंजूर, हे स्पष्ट लिहा. अजून प्रकाशित न झालेल्या अर्जातलं स्ट्रक्चर रेझ्युमेत कधीही देऊ नका. कंपनीनं पैसे दिलेल्या प्रोजेक्टचंही तसंच. रेणूचं नाव न घेता ‘पाच टप्प्यांचा रूट, तीनवर आणला’ असं लिहिता येतं. गोपनीयता तुम्हाला कळते, हे वाचणाऱ्याला त्यातूनच दिसतं.

लॅबमधली ‘इतर’ कामंही सोडू नका. इंडेंट (खरेदीची मागणी) टाकणं, तीन कोटेशन्स मिळवणं, उपकरणाच्या एएमसीसाठी (वार्षिक देखभाल करार) पाठपुरावा, एम.एस्सी.च्या मुलांना प्रोजेक्ट शिकवणं, सॉल्व्हंटच्या कचऱ्याची विल्हेवाट. कंपनीत हे सगळं रोज लागतं.

वडिलांचं नाव, वैवाहिक स्थिती, फोटो आणि शेवटचं ‘वरील माहिती सत्य आहे’ हे प्रतिज्ञापत्र काढून टाका. दोन पानं पुष्कळ झाली. दोन रकान्यांची सजावट आणि चित्ररूपात टाकलेली स्ट्रक्चर्सही टाळा. अर्ज चाळणाऱ्या सॉफ्टवेअरला ती बऱ्याचदा नीट वाचता येत नाहीत. जाहिरातीत ‘इम्प्युरिटी प्रोफाइलिंग’ (औषधातल्या अशुद्धी ओळखणं आणि मोजणं) म्हटलं असेल आणि तुम्ही ते केलं असेल, तर तोच शब्द वापरा.

थीसिस सबमिट झाला असून व्हायवा बाकी असेल, तर सबमिशनचा महिना-वर्ष देऊन तसं लिहा. आमच्याकडे अशा उमेदवारांचा विचार होतो. फक्त रुजू कधी होऊ शकाल ते त्याच ओळीत सांगा, आणि ती तारीख आधी गाइडशी बोलून पक्की करा.