भंगारातल्या गॅस स्ट्रटवर जड झाकण कसं बसवायचं, आणि शॉकअप कुठे लावायचा

गॅरेजवर आणि भंगारवाल्याकडे दोन्हींना ‘शॉक’च म्हणतात आणि निम्मी चूक तिथेच होते. डिकीला असतो तो गॅस स्ट्रट वजन उचलतो. चाकाजवळचा शॉकअप वजन उचलत नाही, तो फक्त वेग खातो. गाडीचं वजन स्प्रिंग किंवा पाटे (लीफ स्प्रिंग) पेलतात. झाकण वर राहावं म्हणून शॉकअप लावला तर ते हळूहळू खाली येऊन बोटांवर बसतं. आदळणारी फळी आवरायला गॅस स्ट्रट लावला तर ती खालीच येत नाही.

माल निवडताना

सांगली-मिरज-कुपवाड भागातल्या भंगाराच्या दुकानांत हॅचबॅक गाड्यांचे स्ट्रट सहसा जोडीने मिळतात. गाडीवरून स्वतः काढणार असाल तर आधी डिकीला बांबूचा टेकू द्या. टोकाच्या सॉकेटवरची तारेची क्लिप बारीक स्क्रूड्रायव्हरने ३-४ मिलिमीटर उचलली की सॉकेट बॉलवरून निघतं. क्लिप पूर्ण उपसायची नाही. चारही बॉल-बोल्ट सोबत घ्या. ते बहुधा १० मिलिमीटर बॉलचे, एम८ आट्यांचे असतात. नंतर शोधत बसण्यापेक्षा तिथेच खोललेले बरे.

नळीतून आत-बाहेर सरकणाऱ्या दांड्यावरून अंगठ्याचं नख फिरवा. नख अडकलं तर स्ट्रट ठेवून द्या, कारण तो खड्डा प्रत्येक फेरीत नळीच्या तोंडाचं सील (गॅस-तेल अडवणारी रबरी कडी) कापणार. सांगलीत हे जास्त बघावं लागतं. २००५, २०१९ आणि २०२१ च्या पुरात बुडालेल्या गाड्यांचा माल अजून फिरतो आणि गाळात राहिलेल्या दांड्यावर गंजाचे बारीक ठिपके असतात. पुसून चकचकीत केले तरी नखाला कळतात. दांडा तेलकट असेल तर सील आधीच गेलेलं आहे.

नळीवर जोर छापलेला असतो, उदाहरणार्थ ‘३५० एन’, म्हणजे न्यूटन. दहाने भागलं की साधारण किलो. पण जुन्या स्ट्रटवरच्या आकड्यावर विसंबू नका, मोजा. बाथरूमच्या वजनकाट्यावर लाकडाचा ठोकळा ठेवा, स्ट्रटचा दांडा खाली करून अगदी सरळ दाबा. दांडा सेंटिमीटरभर आत गेल्यावर काटा वाचा, मग हात हलका करत तो बाहेर येतानाही वाचा. दाबताना सीलचं घर्षण आकडा वाढवतं, सोडताना कमी करतं. दोन्हींची सरासरी हा खरा जोर. छापील आकड्याच्या निम्म्यावर आला असेल तर स्ट्रट घेऊ नका, तो आणखी उतरत जाईल.

आत किती दाब असतो

दांडा ८ मिलिमीटरचा असेल तर त्याचं क्षेत्रफळ सुमारे ५० चौरस मिलिमीटर. ३५० न्यूटन भागिले ५० म्हणजे चौरस मिलिमीटरला ७ न्यूटन, म्हणजेच ७० बार, सुमारे १००० पीएसआय. गाडीच्या टायरमध्ये तीसेक पीएसआय असते. आत नायट्रोजन आहे, तो जळत नाही, पण नळी फुटली तर दांडा गोळीसारखा सुटतो. म्हणून गॅस स्ट्रटला भोक पाडायचं नाही, कापायचं नाही, त्याच्याजवळ वेल्डिंग करायचं नाही, जाळात टाकायचं नाही. संपलेला वाटला तरी नाही. भंगारात देताना ‘यात गॅस आहे’ असं सांगून वेगळा द्या.

झाकणाचा हिशेब

समजा ९० बाय ६० सेंटिमीटरची हत्यारांची पेटी आहे, बिजागरी मागच्या ९० च्या कडेला, झाकण २ मिलिमीटर पत्र्याचं, कडेने २५ बाय २५ बाय ३ चा अँगल. पत्र्याचं वजन साडेआठ किलो. अँगल मीटरला १.१ किलो, तीन मीटरचे ३.३ किलो. एकूण १२ किलो धरा, म्हणजे साधारण ११८ न्यूटन.

झाकण उघडताना त्याचा मध्य जवळपास ३० सेंटिमीटर वर जातो. ११८ गुणिले ०.३० म्हणजे सुमारे ३५ ज्यूल काम. स्ट्रटने हेच काम करायचं आहे. ३५ भागिले ३५० म्हणजे ०.१० मीटर: स्ट्रट फक्त १० सेंटिमीटर दबला पाहिजे. त्याचा स्ट्रोक, म्हणजे दांडा एकूण सरकतो ते अंतर, २० सेंटिमीटर असला तरी सगळा वापरायचा नसतो.

अंतरं बिजागरीच्या पिनेच्या मध्यापासून मोजा. झाकणावरचा बॉल पिनेच्या पुढे १० सेंटिमीटर, झाकण बंद असताना पिनेच्याच उंचीवर. पेटीच्या आतल्या बाजूवरचा बॉल पिनेच्या पुढे ५० सेंटिमीटर आणि ४ सेंटिमीटर खाली. इथे स्ट्रटची उघडी लांबी बॉलच्या मध्यापासून मध्यापर्यंत ५० सेंटिमीटर धरली आहे. दुसऱ्या मापाचा असेल तर पेटीवरचा बॉल त्याच्या उघड्या लांबीइतका पुढे घ्या, आणि झाकणावरचं अंतर काम भागिले मोजलेला जोर या हिशेबाने काढा. काट्यावर २८० न्यूटनच भरला तर १० ऐवजी साडेबारा. पेटीचं मागून पुढचं माप स्ट्रटच्या उघड्या लांबीपेक्षा जास्त हवं, नाहीतर आखूड स्ट्रट शोधा.

या मांडणीत स्ट्रट झाकणाखाली जवळजवळ आडवा झोपतो, आतली जागा खात नाही. बंद असताना त्याची रेषा बिजागरीच्या अगदी जवळून जाते, म्हणून तो झाकण उचकटत नाही. सुरुवातीला हाताने पाचेक किलोचा जोर द्यावा लागतो. पस्तीस-चाळीस अंशांच्या पुढे झाकण आपोआप वर जातं आणि ऐंशीच्या आसपास थांबतं.

जोडी मिळाली म्हणून दोन्ही लावणं ही सर्वांत नेहमीची चूक. या झाकणाला ते दुप्पट होतात: झाकण वर फेकलं जातं, बंद करताना कडेवर दहा किलोच्या वर जोर लागतो आणि महिन्या-दोन महिन्यांत बिजागरीचे स्क्रू उपसतात. दोन लावायचेच असतील तर प्रत्येकाचं झाकणावरचं अंतर निम्मं करा.

बसवताना

बॉलच्या पट्ट्या ५ मिलिमीटर जाडीच्या घ्या, आधी वेल्ड करून रंगवून टाका, स्ट्रट सगळ्यात शेवटी. वेल्डिंगचा एक थेंब किंवा ग्राइंडरची एक ठिणगी दांड्यावर बसली की सील गेलं. रंगाचा फवाराही तसाच. दांडा पक्कडीत किंवा व्हाइसमध्ये धरू नका.

दोन्ही बॉल एकाच उभ्या पातळीत हवेत. तिरपा ओढ असेल तर दांडा सीलला एका बाजूने घासतो आणि वर्षभरात तेल गळतं. एम८ वॉशर घालून पातळी जुळवा. दांडा पेटीच्या बाजूला आणि नळी झाकणाच्या बाजूला ठेवा, म्हणजे दांडा खालच्या अंगाला राहतो. आतलं थोडंसं तेल सीलवर येतं, सील ओलं राहतं आणि झाकण शेवटच्या टप्प्यात मऊ थांबतं. उलटा बसवला तरी चालताना दिसतो, पण सील सुकून लवकर मरतं.

हवामानही धरा. दर १० अंशांना जोर सुमारे ३.४ टक्के बदलतो. एप्रिलच्या चाळीस अंशांत बेताचा जुळवलेला स्ट्रट साताऱ्याच्या डिसेंबरच्या पहाटे नऊ-दहा टक्के कमी भरतो आणि झाकण अर्ध्यातून परत येतं. म्हणून चाचणी गारव्यात करा. उन्हाळ्यात केली असेल तर झाकणावरचं अंतर एक सेंटिमीटर जास्त ठेवा. आणि झाकणात डोकं घालून काम करायचं असेल तर साखळी किंवा अडणीची सळई लावाच. जुना स्ट्रट कधी दगा देईल, त्याची तारीख नसते.

शॉकअपची जागा

मोटरसायकलच्या मागच्या शॉकअपवर दाबलेली स्प्रिंग असते. स्प्रिंग कॉम्प्रेसरशिवाय वरचा नट खोलू नका. त्यापेक्षा पाटे असलेल्या पिकअपचे, छोट्या टेम्पोचे नुसते शॉकअप घ्या. त्यांवर स्प्रिंग नसते. उभा धरून पाच-सहा वेळा पूर्ण ओढा-दाबा, म्हणजे आतली हवा वर जाते. त्यानंतरही मध्येच रिकामी धाव लागली तर तेल गेलं आहे.

दोन गोष्टी लक्षात ठेवायच्या. शॉकअप ओढताना जास्त अडवतो, दाबताना कमी. म्हणून आवरायची हालचाल त्याला लांबवणारी हवी. आणि साधा दोन नळ्यांचा शॉकअप उभाच चालतो. आडवा केला की आतल्या व्हॉल्व्हमध्ये हवा शिरते आणि तो पोकळ होतो. फाटकाला आडवा लावून फसलेले शॉकअप याचमुळे फसतात.

त्याला शोभेल असं काम म्हणजे शेडच्या दारातला दुचाकी चढवायचा घडीचा रॅम्प, खालून बिजागरी असलेला. शॉकअप बंद ३०, उघडा ५० सेंटिमीटर असेल तर चौकटीवरचा बोल्ट बिजागरीच्या ४५ सेंटिमीटर वर आणि रॅम्पवरचा बोल्ट बिजागरीपासून १४ सेंटिमीटरवर. उभ्या रॅम्पला अंतर ३१ भरतं, जमिनीवर टेकल्यावर ४७. दोन्ही टोकांना स्ट्रोक शिल्लक राहतो, तो राहिलाच पाहिजे. रॅम्प जमिनीवर टेकून थांबावा, शॉकअपवर लोंबकळू नये. तेलाची नळी खाली, दांडा वर. प्रत्येक बाजूला एक लावा, म्हणजे रॅम्प पिळत नाही.

दांडा वापरायचा असेल तर

मेलेल्या शॉकअपचा क्रोमचा दांडा ड्रिल स्टँडच्या सरकत्या खांबाला छान लागतो. पण आधी दांडा आत दाबून सोडा. आपोआप बाहेर आला तर आत गॅस आहे. तो न कापता बाजूला ठेवा. अंगाला छोटी डबी जोडलेले शॉकअपही तसेच. आत दाबलेला दांडा तिथेच राहिला तर दांडा पूर्ण बाहेर ओढा, नळी व्हाइसमध्ये उभी धरा, चष्मा घाला, वरच्या भागात ३ मिलिमीटरचं भोक पाडा आणि उलटा करून तेल डब्यात काढा. ते तेल गॅरेजच्या जळक्या तेलाच्या पिंपात द्या. ओढ्यात, विहिरीजवळ नाही. नळी हॅकसॉने कापा, ग्राइंडरची ठिणगी आणि उरलेलं तेल एकत्र येऊ देऊ नका.

दांड्याची वरची कातडी कडक असते, हॅकसॉ त्यावर घसरतो. तो मात्र स्वच्छ पुसून कटिंग व्हीलने तोडा. क्रोमवर वेल्डिंग करू नका, तो धूर विषारी असतो. क्लॅम्प किंवा कॉलरने धरा. व्हर्नियरने व्यास बघूनच बेअरिंग आणा: १२ च्या बेअरिंगमध्ये साडेबाराचा दांडा जाणार नाही. मधलं माप निघालं तर कुपवाड किंवा सातारा एमआयडीसीतल्या लेथवाल्याकडे दांडाच घेऊन जा आणि त्यावरून गनमेटलचे (तांब्याच्या मिश्रधातूचे) बुश, म्हणजे दांडा ज्यात सरकतो त्या बाह्या, काढून घ्या.