ओतीव अंगठी घरी हाताने उजळताना

साच्यातून निघालेल्या सोन्याच्या अंगठीवर चमक आणण्याची घाई करू नये, कारण झिलईने ओरखडे झाकले जात नाहीत, उलट ते अधिक उठून दिसतात. खरे काम कानस आणि पॉलिश पेपरचे आहे.

त्याआधी भुकटी साठवण्याची सोय करावी. सांगली जिल्ह्यातील विटा, खानापूर, आटपाडी भागातील गलाई व्यावसायिक देशभर सोने गाळून शुद्ध करतात, त्यामुळे या मुलखात कानशीखाली पडलेल्या कणाचे मोल वेगळे सांगावे लागत नाही. पंखा बंद करावा, मांडीवर चामडे किंवा जाड पांढरा कागद पसरावा आणि २२ व १८ कॅरेटची भुकटी वेगवेगळ्या डब्यांत ठेवावी. कानशीचे लोखंडी कण लोहचुंबकाने वेगळे काढता येतात.

ज्या वाटेने रस साच्यात शिरला, ती दांडी बारीक करवतीने थोडी उंच ठेवून कापावी आणि उरलेला उंचवटा कानशीने उतरवावा. बाहेरून सपाट आणि आतून अर्धगोल कानस वापरावी. कानस पुढे ढकलतानाच कापते, म्हणून मागे आणताना ती उचलावी.

त्यानंतर ४००, ६००, ८०० आणि १२०० नंबरचे पेपर क्रमाने वापरावेत. प्रत्येक नवा पेपर आधीच्या रेघांना आडवा फिरवावा आणि जुन्या रेघा पूर्ण गेल्याशिवाय पुढच्या नंबरला जाऊ नये. या एका नियमात हयगय झाली, तर पुढचे सारे श्रम वाया जातात. नंबर बदलताना अंगठी धुवावी, कारण जाड पेपरचा एखादा कणही नव्या रेघा पाडतो.

ओतकामात राहिलेली सुईच्या टोकाएवढी छिद्रे घासत बसू नयेत. घासताना आतली आणखी छिद्रे उघडी पडू शकतात. गुळगुळीत पोलादी किंवा अकीकाची ओपणी (धातू दाबून घासण्याचे हत्यार) साबणाच्या पाण्यात बुडवून कडेचा धातू छिद्रावर दाबत न्यावा. मोठ्या छिद्राला डाक, म्हणजे धातू वितळवून दिलेला सांधा, लागतो, ते काम सोनाराकडेच द्यावे.

शेवटी मऊ चामड्यावर लाल रूज, म्हणजे झिलईची बारीक लाल पूड, लावून हलक्या हाताने घासावे. नक्षीचे खोलगट भाग थोडे मंदच ठेवावेत, त्याने उठाव टिकतो असे माझे मत आहे. हॉलमार्कच्या खुणेवर मात्र कानस किंवा पेपर चालवू नये.

अंगठी कोमट पाण्यात रिठ्याच्या फेसाने आणि मऊ ब्रशने धुवावी. ब्लीच कटाक्षाने टाळावे, कारण त्यातील क्लोरीन मिश्रधातूला खाते. धुणे बेसिनमध्ये न करता वाडग्यात करावे. ते पाणी रात्रभर निवळू द्यावे आणि तळाचा गाळ वाळवून त्या त्या कॅरेटच्या डब्यात टाकावा.